सायमीची कॅसेट

सायमी हुत्तुनेनला कोणी मदत करायला गेलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "राहू दे, मी करते माझं मी." हेलसिंकीत बस थांबली, चालकानं तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला, तेव्हाही तिनं तेच सांगितलं आणि पिशवी छातीशी धरून एकेक पायरी उतरली. पिशवीत थर्मास होता, घरून आणलेलं पाव-लोणी होतं, आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली एक जुनी कॅसेट होती. सायमी या सहलीला आली होती ती केवळ त्या कॅसेटपायी. नाहीतर गुडघे दुखत असताना तिला राजधानीचं काय पडलं होतं?

कोर्तेवारा गावच्या पेन्शनर मंडळानं ही सहल काढली होती. आमच्या काइनू प्रांतातून राजधानीला यायचं म्हणजे अख्खा दिवस बसमध्ये मोडतो. आदल्या संध्याकाळी सगळे आंबलेल्या अंगानं हॉटेलात पडले होते आणि आज सकाळी ते मोठं नवं वाचनालय बघायचं होतं. तिथं आता लोक एखादं जुनं चर्च बघायला जावं तसे जातात. फोटो काढतात, गच्चीत उभे राहून कॉफी पितात आणि एकही पुस्तक न उघडता तृप्त होऊन बाहेर पडतात. गावचं आमचं वाचनालय शाळेच्या मागच्या खोलीत होतं. शाळा बंद पडली तेव्हा तेही गेलं. मग काही वर्षं पुस्तकांची गाडी यायची, ती पण थांबली. तेव्हा वाचनालय बघायला सहल काढावी लागते, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. एका हेल्वीला सोडून.

"बघ, बघ," हेल्वी दारातच थबकून म्हणाली, "आपली गाडी बंद करून यांनी हे बांधलंय."

"त्याचा याच्याशी काय संबंध?" सायमी म्हणाली.

"नसेना का संबंध. मला राग यायचाय तर येऊ दे की. राग यायला काही पुरावा लागतो का?"

हेल्वी सायमीची शेजारीण. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन गावात आल्या, दोघींची घरं एकाच रस्त्याला, दोघींचे नवरे जंगलात झाडं तोडायला एकाच टोळीत. गावात सगळे घुमे. त्यामुळे हेल्वी एकटीच सगळ्यांच्या वाटणीचं बोलायची. आत शिरल्यावर तर तिची जीभ फारच सुटली. "पुस्तकं कुठायत गं? हे तर विमानतळ दिसतंय. ती बघ बाई, चक्क आडवी झालीये! आमच्या वेळी पान उलटल्याचा आवाज झाला तरी बाई डोळे वटारायच्या." वरच्या मजल्यावर उतरत्या फरशीवरून पोरं घसरत होती, आया बाबागाड्या लावून गप्पा मारत होत्या, परदेशी पाहुणे छताचे फोटो काढत होते. सायमीनं वर पाहिलं, छान आहे म्हणाली आणि पिशवीवरची पकड घट्ट केली. तिला मधला मजला हवा होता.

मधल्या मजल्यावर यंत्रं होती. शिलाई मशिनं, छपाईची यंत्रं, गिटारी, आणि जुन्या कॅसेटवरचे आवाज संगणकात उतरवून घ्यायची सोय. कोणीही यावं, वेळ ठरवून बसावं, आपलं काम आपण करून घ्यावं. हेल्वीनं हे टीव्हीवर पाहिलं होतं. तिनं नातीच्या मागे लागून सायमीच्या नावानं वेळ घेऊन ठेवली आणि मगच सायमीला सांगितलं. आधी विचारलं असतं तर सायमी नाहीच म्हणाली असती.

त्या कॅसेटवर रेइयो होता. सायमीचा एकुलता एक मुलगा.

बाराएक वर्षांचा असताना रेइयोला मामाकडून टेपरेकॉर्डर मिळाला. त्या हिवाळ्यात रेडिओवर बर्फावरच्या शर्यतींचं धावतं वर्णन लागायचं आणि पोराच्या अंगात ते भिनलेलं. एका सकाळी गोठ्याच्या कोपऱ्यात उभं राहून त्यानं आईचं धावतं वर्णन केलं. आई गोठ्यातून दुधाचे कॅन काढून रस्त्याकडेच्या ओट्यावर नेऊन ठेवत होती, डेअरीचा ट्रक यायच्या आत. रोजचंच काम. पण पोरगं त्या यंत्रात ओरडत होतं: "आणि गोठ्याच्या दारातून बाहेर पडतायत काइनूच्या सायमी हुत्तुनेन! दोन्ही हातांत कॅन! काय ती चाल, काय तो जोर! मागून मान्सिक्की गाय दाबत येतेय, पण सायमी तिला जागा देत नाहीत! आणि तिकडून, अरे बापरे, शेजारच्या हेल्वीबाई ढकलगाडी घेऊन! हे नियमात बसतं का? पंच कुठे आहेत?" असं बराच वेळ. सायमी हसून हसून दूध सांडायच्या बेताला आली होती.

तिच्या सगळ्या आयुष्यात तिच्या कामाबद्दल कोणी काही बोललं असेल तर ते एवढंच. नवरा उर्हो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गोठलेल्या तळ्यातून पाणी काढणं. तिनं गाई सांभाळल्या, शाळेत स्वयंपाक केला, सासूचं दुखणं काढलं, उर्होचंही काढलं. कोणी म्हणालं नाही की काय ती चाल, काय तो जोर.

रेइयो मोठा झाला आणि कामासाठी दक्षिणेला गेला. गावात राहिला असता तर काय केलं असतं म्हणा. तिकडे गोदामात लागला, लग्न केलं, ते मोडलं. दर रविवारी तो आईला फोन करायचा.

"कसं चाललंय?" ती विचारायची.

"ठीक."

"पैसेबैसे? खाणंपिणं?"

"मी बघतो माझं."

"बरं."

एवढ्यावर दोघांचं समाधान. आईला वाटायचं, पोरगा माझ्यावर गेलाय, कोणाच्या दारात उभा राहणार नाही. तिला त्याचा अभिमान वाटायचा, आणि आमच्याकडे सगळ्यांनाच वाटला असता. 'मी बघतो माझं' या एका वाक्यावर आमच्याकडे जेवढी घरं उभी राहिली असतील, तेवढीच बसलीही असतील. एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. सायमीनं केला नाही, कारण त्याला वाटेल आई पाळत ठेवते. फेब्रुवारीत त्याच्या इमारतीच्या रखवालदाराला तो घरात सापडला. बाटल्या, थंडगार खोली आणि जाऊन बरेच दिवस झालेले. अंत्यविधीनंतर लोकांना कॉफीबरोबर द्यायला हेल्वी केक करते म्हणाली तर सायमी म्हणाली, "राहू दे, मी करते." आणि तिनं खरंच सगळे केक स्वतः भाजले.

त्यानंतर ती अधूनमधून कॅसेट लावायची. मग घरचा टेपरेकॉर्डर बिघडला. तालुक्याला दुरुस्तीचं दुकान होतं ते बंद झालेलं. दुसऱ्या कोणाकडे यंत्र असेलही, पण मागायचं कसं, आणि त्यानं फीत खाल्ली तर? वर्षं गेली. शब्द तिला सगळे पाठ होते, पण आवाज हरवला होता. ते वर्णन हेल्वीनं गावभर इतक्या वेळा करून दाखवलं होतं की सायमीनं डोळे मिटून आठवू पाहिलं तर शब्द रेइयोचे यायचे आणि आवाज हेल्वीचा. याचा तिला राग यायचा, पण हेल्वीवर राग काढावा असं त्यात काही नव्हतं. तिला फक्त एकदा तो आवाज परत कानात घालून घ्यायचा होता, आणि मग तो अशा ठिकाणी ठेवायचा होता जिथं तो बिघडणार नाही.

काचेच्या एका छोट्या खोलीत टेबलावर संगणक होता आणि शेजारी कॅसेट लावायचं काळं यंत्र. तिथली मिन्ना नावाची बाई बाहेर वाट बघत होती. चाळिशीची असेल, अंगात स्वतः विणलेला स्वेटर, बोलणं मऊ.

"या. कॅसेट आणलीय ना? घरी भरलेली आहे का?"

"हो. मुलानं."

मिन्नानं कॅसेट हातात घेतली, उलटी करून पाहिली. "हिच्या मागच्या कडेला ही प्लास्टिकची चिमुकली पट्टी आहे, बघा. ती मी तोडून देते. म्हणजे मग चुकून काही दाबलं गेलं तरी आतलं पुसलं जात नाही."

तोडायचं म्हटल्यावर सायमीनं कॅसेट जवळजवळ हिसकावूनच घेतली. "नको नको. तोडायचं काही नको."

"आतल्या फितीला धक्का लागत नाही हो."

"असू दे. आहे तशी चालेल."

"बरं. मग पहिल्यांदा मी सुरू करून देते, चालेल?"

"तुम्हाला तुमची कामं असतील. कागद लावलाय ना इथं? मी करते माझं मी."

आता खरं तर मिन्नानं तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. पण तीही आमच्यातलीच. दोनदा विचारलं की माणुसकी झाली. तिसऱ्यांदा विचारलं तर समोरच्याला तुला काही येत नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं. ती हसली, काही लागलं तर मी तिथंच आहे म्हणाली आणि दार ओढून गेली.

हेल्वी काचेबाहेर उभी होती. तिनं तोंड हलवून विचारलं, "मी येऊ आत?"

सायमीनं नाही म्हणून मान हलवली. हे तिला एकटीलाच ऐकायचं होतं. हेल्वी आत आली की ती पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवणार, आणि परत तोच घोळ.

भिंतीवरच्या कागदावर लिहिलं होतं की आधी लाल बटण दाबा, मग कॅसेट सुरू करा. लाल बटण म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं. शेजारी त्याचं चित्रही होतं. पण सायमीनं चष्मा नाकावर चढवला, टेबलावर नजर फिरवली, आणि तिला त्या काळ्या यंत्रावर एक लाल बटण दिसलं. खरंखुरं, बोटानं दाबायचं. तिच्या घरच्या यंत्रावरही तसंच होतं. तिनं कानाला हेडफोन लावले, कॅसेट आत बसवली, लाल बटण दाबलं, आणि त्याबरोबर शेजारचं सुरू करायचं बटणही आपोआप खाली गेलं. दोन्ही कामं एकदम झाली म्हणून तिला बरंच वाटलं. मग पडद्यावरही काहीतरी करावं म्हणून तिथलंही लाल वर्तुळ दाबलं, तर आकडे पळायला लागले. फीत फिरत होती. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

आणि ते यंत्र फितीवर शांतता भरत होतं. बारा वर्षांचा रेइयो गोठ्याच्या दारातून पुसला जायला लागला होता.

हेडफोनमध्ये काहीच येत नव्हतं. सायमीला वाटलं, सुरुवातीची कोरी फीत असेल. थोडा वेळ गेला. मग वाटलं, आधी संगणक सगळं गिळून घेत असेल आणि नंतर ऐकवत असेल, घाई कसली. पडद्यावर एक हिरवी रेघ सरळ चालली होती. शेजारच्या टेबलावर कोणीतरी पडदे शिवत होतं, त्या मशिनची घरघर काचेतून ऐकू येत होती. हेडफोनची वायर नीट बसली नाही की काय, असंही एकदा तिच्या मनात आलं. उठून विचारावं का? पण ती बाई आता कुठल्यातरी परदेशी पाहुण्याला काही समजावून सांगत होती. एवढ्याशा गोष्टीसाठी तिला कशाला बोलवायचं. घरी जाऊन ऐकू.

मग तिनं डोळे मिटले आणि फितीबरोबर मनात म्हणायला लागली. आता दार उघडलं असेल. आता दोन्ही हातांत कॅन. आता मान्सिक्की. तिला वेळेचा अंदाज अचूक होता, कितीतरी वेळा ऐकलेलं. ती मनात एकेक वाक्य म्हणत होती आणि यंत्र नेमकं तेच वाक्य तिच्या पुढ्यात पुसत होतं. हेल्वीबाई ढकलगाडी घेऊन आल्या आणि गेल्या. पंचही गेले. ती मधूनच हसली. काचेबाहेर एक परदेशी जोडपं थांबलं, म्हातारी किती आनंदात ऐकतेय म्हणून त्यांनी तिचा फोटो घेतला.

मिन्ना एकदा काचेजवळ आली. भुवया उंचावून विचारलं, ठीक ना? सायमीनं हात वर केला, ठीक. मिन्ना परत गेली. हेल्वी दोन कप कॉफी आणि दालचिनीचे पाव घेऊन आली, काचेवर टकटक केलं. सायमीनं तिलाही परतवलं. हेल्वी खुणेनं म्हणाली, थंड होईल. सायमी खुणेनं म्हणाली, होऊ दे. त्यातल्या कोणालाही तिनं आत घेतलं असतं, तर शर्यतीचा शेवट तरी वाचला असता.

बसची वेळ होत आली तेव्हा मिन्ना दार उघडून आत आली. "झालंच असेल ना आता," म्हणत तिनं पडद्याकडे पाहिलं. ती सरळ हिरवी रेघ पाहिली. मग काळ्या यंत्राकडे पाहिलं, खाली गेलेलं लाल बटण पाहिलं, आणि तिचा हात इतक्या जोरात थांबवायच्या बटणावर आला की सायमी दचकली.

"काय झालं?"

मिन्नानं वाकून फीत किती फिरलीय ते पाहिलं.

"अहो, काय झालं?"

"हे लाल बटण... हे नव्हतं दाबायचं. पडद्यावरचं दाबायचं होतं."

"पडद्यावरचंही दाबलं मी."

"हो. पण यानं..." मिन्ना खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. "यानं आतलं पुसलं जातं."

सायमीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "किती?"

"बघू या."

फीत मागे नेली. लावली. फक्त हलकी सळसळ. पुढे नेली, लावली, सळसळ. आणखी पुढे, तेच. मिन्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी पट्टी तोडूनच द्यायला हवी होती. मी ऐकायलाच नको होतं तुमचं."

"तुमचा काही दोष नाही," सायमी म्हणाली. "तुम्ही दोनदा विचारलंत."

"परत आणता येत नाही हो हे. मी कोणाला विचारून बघू शकते, पण येत नाही."

"नाही, नाही. कळलं मला."

सायमीला त्या वेळी रडू आलं नाही. तिला लाज वाटली. आधी लाज, मग तिच्याखाली काहीतरी उघडलं आणि ती त्यात खाली खाली जात राहिली. फेब्रुवारीत रेइयो गेल्याचा फोन आला होता तेव्हा तिनं स्वतःला समजावलं होतं की मला काय कल्पना, मी तर इतक्या लांब. आज ती लांब नव्हती. त्याच्या शेजारी बसून, हसत, तो संपेपर्यंत तिनं कोणाला हाक मारली नव्हती.

"शेवटी थोडं उरलं असेल," मिन्ना म्हणाली. "मी थांबवलं तिथून पुढे. ऐकायचंय?"

सायमीनं हेडफोन परत कानाला लावले. या वेळी मिन्नानं तिला न विचारताच नीट बसवून दिले आणि सायमीनं तिला बसवू दिले. मिन्नानं पडद्यावरचं लाल वर्तुळ दाबलं आणि मग कॅसेट सुरू केली.

एक खट् झालं आणि एकदम गोठा आला. कॅन आपटल्याचा आवाज, गाईचा फुत्कार, दाराची कुरकुर. सायमीनं टेबलाची कड धरली. आता बोलेल. लांबून बुटांखाली बर्फ करकरला, जवळ आला, आणि एक पुरुषी आवाज म्हणाला, "बंद कर रे ते. सेल उगाच जातात."

मग पुन्हा खट्. पोरानं बापाचं ऐकलं होतं. फीत संपली.

सायमीनं हेडफोन काढले. उर्हो आयुष्यात फार थोडं बोलला, आणि त्यातलं हे राहिलं. त्याचं तरी काय चुकलं, सेल महागच होते तेव्हा. तिला त्याची कीव आली, स्वतःची आली, आणि कोणाचाच राग करता येईना याचंच सगळ्यात वाईट वाटलं. बाहेर हेल्वी घड्याळाकडे बोट दाखवत होती, मंडळी खाली जमायला लागली होती.

"हे जेवढं आहे तेवढं ठेवू का?" मिन्नानं हळूच विचारलं. "तुम्हाला घरी नेता येईल."

"ठेवा."

"काय नाव देऊ? तुमच्या मुलाचं नाव काय?"

सायमीनं पडद्याकडे पाहिलं. त्या हिरव्या रेघेवर शेवटी एक छोटासा उंचवटा आला होता, तेवढाच.

"उर्हो लिहा," ती म्हणाली. "आवाज त्याचाच आहे."

मिन्नानं तसं लिहिलं.